धोपावे ते हीथ्रो: अंतर एक, उत्तरं चार

खाडीकाठची | ९ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गणपती गावी गेले आणि घरात पुढची गडबड सुरू झाली. आईबाबा ऑक्टोबरात पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत, आणि तेही थेट लंडनला. दादा-वहिनीला मुलगी झाली आहे, तिची पहिली दिवाळी. तिकिटं काढून झालीत: मुंबई ते हीथ्रो, मध्ये कुठे न उतरता, भारतीय कंपनीचं विमान. परतीचं तिकीट जानेवारीचं.

प्रश्न माझा नाही, बाबांचा आहे. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, भूगोल आणि गणित दोन्ही शिकवायचे, त्यामुळे "पोचाल हो आरामात" एवढ्यावर त्यांचं भागत नाही. गूगलवर अंतर ७,२०० किलोमीटर दिसतं. विमानाचा वेग ताशी ९००. भागाकार ८ तास. तिकिटावर जाताना दुपारी २ ला निघून संध्याकाळी ७:३० ला पोचतं, येताना रात्री ९:३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११:४५ ला. तिथलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे, म्हणून बाबांनी हिशेब केला: जाताना १० तास, येताना पावणेदहा. दादा फोनवर म्हणाला, येताना पावणेनऊच लागतात.

म्हणजे ८, १०, पावणेदहा, पावणेनऊ. बाबांचं म्हणणं, "वाट तीच, गाडी तीच, मग चार उत्तरं कशी? कोणीतरी चुकतंय." मला समजावता येत नाही आणि ते विषय सोडत नाहीत. भिंतीवरचा जगाचा नकाशा काढून ओटीवर अंथरलाय, त्यावर पट्टी आणि शिसपेन. आई म्हणते, फराळाचं वाळवण कुठे घालू?

रातांबा | ९ सप्टेंबर, रात्री १०:०५

त्यातलं एक उत्तर बाबांचंच चुकलंय, सांगताना जपून सांगा. :) इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे आणतात. यंदा तो रविवार २६ ऑक्टोबरला आहे. जाताना फरक साडेचार तासांचा, पण जानेवारीत साडेपाचचा. रात्री ९:३० ते सकाळी ११:४५ म्हणजे सव्वाचौदा तास, त्यातून साडेपाच वजा. पावणेनऊ. दादा बरोबर.

खाडीकाठची | ९ सप्टेंबर, रात्री १०:३०

सांगितलं. पाच मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "घड्याळ मागेपुढे करणारे लोक, त्यांच्याकडे राज्य कसं काय गेलं?" असो. तरी १० आणि पावणेनऊ यात सव्वा तास उरतोच.

आंबोलीचा पाऊस | १० सप्टेंबर, सकाळी ८:१५

सोपं आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. लंडनला जाताना आपण उलट जातो आणि... थांबा, मग मुंबईच मागे सरकायला हवी ना? म्हणजे पश्चिमेला जाताना लंडनच आपल्याकडे येत असणार. मग जाताना वेळ कमी लागायला हवा. गोंधळ झाला. कोणीतरी सांगा.

जुना सारंग | १० सप्टेंबर, सकाळी ११:५०

मास्तरांना माझा नमस्कार सांगा. मी विमानातला नाही, बोटीवरचा. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, आता गावी कलमं बघतो. पण आकाशातलं अंतर मोजायची पद्धत विमानवाल्यांनी आमच्याकडूनच उचलली, म्हणून चार शब्द लिहितो. लांबेल.

आधी पृथ्वीच्या फिरण्याचं. आंबोलीकर, तुमच्या हिशेबाने कोकणकन्येत बसून आंबा वर उडवला तर तो मागच्या डब्यात पडायला हवा. पडतो तो आपल्याच हातात, कारण डब्यासकट आंबाही त्याच वेगाने चाललेला असतो. आपल्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,६०० किलोमीटरने पूर्वेला फिरते, पण तिच्यावरची हवाही तिच्यासोबतच फिरते आणि विमान त्या हवेत तरंगतं. नुसत्या फिरण्याचा ना फायदा ना तोटा. खरी गंमत त्या हवेच्या स्वतःच्या चालीत आहे, तिच्याकडे येतोच.

त्याआधी अंतर. मास्तर, नकाशावर पट्टी ठेवू नका. सपाट नकाशा म्हणजे फणसाची साल काढून पाटावर चापून बसवलेली, कुठे ना कुठे ताणली जाणारच. पृथ्वीगोल घ्या, शिवणाचा दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनवर, आणि ताणा. दोरा जिथून जाईल ती सगळ्यात जवळची वाट. आम्ही तिला ग्रेट सर्कल म्हणतो, मराठीत बृहद्वृत्त. पट्टीची रेघ इराक-सीरियाच्या बाजूने जाते, दोऱ्याची त्याच्या उत्तरेने, कास्पियन समुद्राच्या दक्षिण काठाला लागून. मुंबई-लंडनमध्ये या दोन वाटांत फरक फार नाही: दोऱ्याने सुमारे ७,२०० किलोमीटर, पट्टीच्या रेघेने ७,४०० च्या आसपास. पण तोच दोरा मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को लावून बघा. नकाशावर वाटतं पूर्वेला किंवा पश्चिमेला जायचं असेल. दोरा जवळजवळ सरळ उत्तरेला सुटतो, सायबेरियावरून ७६ अंश अक्षांशाच्याही वर चढून पलीकडे उतरतो. मी पहिल्यांदा ताणला तेव्हा गोलच वाकडा आहे असं वाटलं होतं.

आणि आमचा मैल. सागरी मैल १,८५२ मीटरचा, अक्षांशाचा एक मिनिट. एका अंशाला ६० मैल, म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. मुंबई-लंडन दोऱ्याने पावणेपासष्ट अंशांच्या जवळपास भरतं. मास्तर, गुणाकार तुम्हीच करा, गूगलची गरज नाही.

आता वारा. तुमच्या दाभोळच्या खाडीतलंच बघा. ओहोटीला होडी समुद्राकडे आपोआप धावते, परत येताना त्याच वल्ह्यांना घाम फुटतो. वर दहा-बारा किलोमीटर उंचीवर अशीच एक नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. जेट प्रवाह. हिवाळ्यात ती उत्तर भारत, इराण या पट्ट्यावर असते आणि ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर म्हणजे तिच्या दृष्टीने नेहमीची चाल. पावसाळ्यात ती हिमालयाच्या पलीकडे सरकते. लंडनला जाताना हा वारा तोंडावर, येताना पाठीवर. तुमच्या सव्वा तासाचं उत्तर तिथे आहे.

खाडीकाठची | १० सप्टेंबर, दुपारी १:२०

काका, दंडवत. बाबांना वाचून दाखवलं. दोरा आला, आईच्या डब्यातून. पृथ्वीगोल नव्हता, शेजारच्या मुलाचा फुटबॉल आणला. बाबांची शंका: वारा जाताना जेवढा वेळ खातो तेवढाच येताना परत देत असेल, म्हणजे दोन्हीची बेरीज १६ तासच व्हायला हवी ना?

जुना सारंग | १० सप्टेंबर, दुपारी ३:००

नाही! मास्तर, इथेच तुम्हाला पकडलं. वारा ताशी १०० धरा. जाताना वेग ८००, वेळ ९ तास. येताना १,०००, वेळ ७ तास १२ मिनिटं. बेरीज १६ तास १२ मिनिटं. वारा घेतो जास्त आणि देतो कमी, कारण उलट्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकून असता. सावकारासारखं आहे.

वेंगुर्ल्याचो झिल | १० सप्टेंबर, दुपारी ४:१०

आमच्याकडे कोणी इचारल्यान, लंडन किती लांब, तर आमी सांगतव, मुंबयपरास जवळ. रस्तो बरो असा म्हणान.

रातांबा | १० सप्टेंबर, दुपारी ४:१२

:)) माणगावच्या कोंडीत तीन तास काढलेल्या सगळ्यांतर्फे +१.

खेडवाला | १० सप्टेंबर, रात्री ८:३५

मी वीस वर्षं मुंबई-दुबई करतोय. अंतर १,९०० किलोमीटरच्या आसपास, पण जाताना सव्वातीन तास, येताना पावणेतीन-तीन. पहिली काही वर्षं मला वाटायचं, घरी येताना पायलटलाही घाई असते.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाबांना सांगा. तिकिटावरचे १० तास म्हणजे हवेतले १० तास नव्हेत. विमान गेटवरून मागे ढकललं तिथून तिथल्या गेटला लागून उभं राहीपर्यंतचा तो वेळ. मुंबईत धावपट्टीच्या रांगेत उभं राहणं त्यात आलं, हीथ्रोवर उतरण्याआधी घिरट्या घालणं त्यात आलं, आणि थोडा कंपनीने स्वतःच्या अब्रूसाठी धरलेला असतो, म्हणजे उशीर झाला तरी वेळेवर पोचलो म्हणता येतं. वर चढताना आणि उतरताना ९०० चा वेग नसतोच. बाबा विमानात बसल्यावर घड्याळ लावणार असतील (लावणारच), तर दोन वेळा लिहा म्हणावं: गेट सुटल्याची आणि चाकं उचलल्याची.

निळा नकाशा | ११ सप्टेंबर, सकाळी ७:४५

मी देवरुखचा, पुण्यात असतो, विमानांचे मार्ग बघत बसायचा नाद आहे. सारंगकाकांच्या दोऱ्यात एक भर.

मुंबईहून लंडनचा दोरा ताणला की तो सौराष्ट्र-कच्छवरून निघून थेट कराचीच्या डोक्यावर जातो. पुढे बलुचिस्तान, इराण, कास्पियनचा दक्षिण काठ, जॉर्जिया, काळ्या समुद्राचा वरचा कोपरा, युक्रेनची दक्षिण बाजू, प्रागजवळून जर्मनी आणि मग लंडन. आता यातलं काय काय बंद आहे मोजा. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना आकाश बंद केलं, आपणही त्यांना केलं. २०१९ मध्येही असंच झालं होतं, फेब्रुवारीच्या अखेरीस बंद झालेलं १६ जुलैला उघडलं. म्हणजे तुमच्या आईबाबांचं विमान दोऱ्यावरून जाणारच नाही.

पण मुंबईकर यात दिल्लीकरांपेक्षा सुखी. दिल्लीहून पश्चिमेला निघालं की पाकिस्तान समोरच उभा, त्यांना आधी खाली गुजरातपर्यंत येऊन मग समुद्रावर जावं लागतं. आपण मुंबईतून निघालो की अरबी समुद्र मोकळाच. मुंबई ते मस्कत साधारण १,५७० किलोमीटर, मस्कत ते लंडन ५,८३०. बेरीज ७,४००. फक्त दोनशे किलोमीटरचा वळसा, विमानाला पंधरा मिनिटंही नाहीत. पण इराण-इराकचं आकाशही टाळायची वेळ आली, तर मस्कत, रियाध, कैरो असं जावं लागतं आणि बेरीज ७,९०० च्या घरात जाते. त्या दिवशी पाऊण तास गेलाच.

आता दादाच्या आकड्यांकडे. वारे माझ्या अंदाजाने धरतो. जाताना ७,४०० किलोमीटर, तोंडावरचा वारा सरासरी ६०, वेग ८४०: आठ तास पन्नास मिनिटं. खेडवाल्यांनी सांगितलेला ढकलण्या-घिरट्यांचा वेळ एक तास दहा मिनिटं धरला तर बरोब्बर दहा. येताना जानेवारीत पाठीवरचा वारा ८०, वेग ९८०: सात तास तेहेतीस मिनिटं, अधिक तेच एक-दहा. पावणेनऊ. बाबांना सांगा, तो घड्याळाचा एक तास सोडला तर कोणाचंच गणित चुकलेलं नाही, प्रत्येकाने वेगळ्याच गोष्टीचं गणित केलंय.

खाडीकाठची | ११ सप्टेंबर, सकाळी ९:३०

हे बाबांना क्षणात पटलं, कारण आमचं आयुष्यच त्यात गेलंय. आमचं गाव धोपाव्याला, समोर पाण्यापलीकडे दाभोळ दिसतं. फेरीबोटीने दहा-पंधरा मिनिटं. फेरी सुरू नव्हती तेव्हा गाडीने दाभोळला जायचं म्हणजे चिपळूण, खेड, दापोली असा शंभरावर किलोमीटरचा फेरा. दाभोळ तिथेच होतं, पण आमच्या आत्याला माहेरी यायला दिवस लागायचा. बाबा म्हणाले, "म्हणजे वर पण खाड्या आहेत, आणि कुठल्या फेऱ्या बंद ते दिल्ली-इस्लामाबादला ठरतं."

नकाशा गुंडाळून ठेवला. आईचं वाळवण ओटीवर आलं.

आंबोलीचा पाऊस | ११ सप्टेंबर, सकाळी १०:४०

काडी टाकतो. लांबची वाट लवकर पोचवते असं कधी होतं का?

निळा नकाशा | ११ सप्टेंबर, सकाळी ११:२५

होतं! ऑक्टोबर २०१६. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. मग त्यांनी ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० नी जास्त, आणि वेळ साडेचौदा तास, पहिल्यापेक्षा जवळजवळ दोन तास कमी. सगळी करामत पाठीवरच्या वाऱ्याची. न्यूयॉर्कहून लंडनला एक जंबो विमान फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी साडेसहा-सात तास धरतात.

जुना सारंग | ११ सप्टेंबर, दुपारी १२:१०

वाऱ्याचं निघालंच आहे तर एक अवांतर. हा वरचा पश्चिमी वारा १९२०च्या दशकात जपानच्या वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून मोजला होता. जगाला कळावं म्हणून त्याने अहवाल एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत लिहिला आणि त्यामुळेच तो फारसा कोणी वाचला नाही. मग दुसऱ्या महायुद्धात जपानवर गेलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना तोच वारा आडवा आला.

आणि आपल्या डोक्यावरचा वेगळाच. पावसाळ्यात दक्षिण भारतावर, विमानं उडतात त्याच्याही वर, चौदा-पंधरा किलोमीटरवर, उलटा म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे जोराचा वारा वाहतो. त्यावर पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये लिहिलं, आपल्याच हवामान खात्यातले. आपला पाऊस त्या वाऱ्याशी बांधलेला आहे. पागोळ्या बघताना वर एवढं चाललेलं असतं हे बोटीवर असेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

रातांबा | ११ सप्टेंबर, दुपारी १:००

म्हणजे कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं तसंच विमानांचं. त्यांचंही उन्हाळी आणि हिवाळी असं वेगळं वेळापत्रक निघतं, तेच मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार. फरक एवढाच की आपली गाडी दरडींमुळे हळू जाते.

खेडवाला | १२ सप्टेंबर, रात्री ९:१५

सामानाचं कोणी बोललं नाही. चकल्या, करंज्या न्या, पण दुधाचे पदार्थ, पेढे, खव्याचं काही नको, तिथे नेता येत नाही. कोकमाचं आगळ मोठ्या बॅगेत, नीट बांधून, हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरच्या वर काहीच ओलं चालत नाही. आणि सुकं खोबरं घरीच ठेवा! हसू नका. तेलकट असल्याने आपोआप तापणाऱ्या धोकादायक मालात त्याची गणना होते. माझ्या आईने पाठवलेल्या वाट्या विमानतळावर काढून ठेवाव्या लागल्यात.

आईला सांगा, दोन-दोन तासांनी उठून चालायचं, पाणी मागून घ्यायचं, लाजायचं नाही. चालायला त्रास होत असेल तर चाकाची खुर्ची तिकिटावर आधीच सांगून ठेवा.

वेंगुर्ल्याचो झिल | १२ सप्टेंबर, रात्री ९:४०

खोबऱ्याक धोकादायक म्हणतत? आमचा तर अख्खा गाव उडवतले मगे.

खाडीकाठची | ११ ऑक्टोबर २०२५, सकाळी १०:१०

पोचले! परवा निघाले. सगळ्यांचे आभार, आणि बाबांच्या वहीतला मजकूर जसाच्या तसा देते:

"धोपावे घर सोडले रात्री १०:१५. परशुराम घाट १२:००. माणगाव येथे खोळंबा, ट्रक आडवा. सहार विमानतळ सकाळी ७:०५. एकूण ८ तास ५० मिनिटे. गेट सुटले दुपारी २:१२. चाके उचलली २:३७. चाके टेकली आपल्या घड्याळाने ११:४९. हवेत ९ तास १२ मिनिटे. गेट १२:०३. वाटेत पडद्यावर मस्कत दिसले. कराची दिसले नाही."

म्हणजे घर ते सहार आणि मुंबई ते लंडन यात फरक बावीस मिनिटांचा.

वेंगुर्ल्याचो झिल | ११ ऑक्टोबर, सकाळी १०:१४

सांगितलंय मी. आमका तर बावीस मिन्टा पण लागची नाय, आमी उलटे मागे पडलो असतो.

जुना सारंग | ११ ऑक्टोबर, सकाळी ११:००

मास्तरांच्या वहीला माझा सलाम. जहाजाचं लॉगबुकही यापेक्षा वेगळं नसतं. परतीची नोंद जरूर टाका, जानेवारीत वारा किती देतो ते मला बघायचंय.

खाडीकाठची | ११ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

टाकते, काका. बाबांनी आत्ताच फोनवर बजावलंय, येताना खिडकी हवी. आईला आतली चालेल, तिने येताना झोपायचं ठरवलंय. बाळ रात्रभर जागवतंय म्हणे, आपल्या घड्याळाने का तिथल्या, ते अजून बाबांनी लिहिलेलं नाही.